खांब कोणाचा, जबाबदारी कोणाची?

पाचव्या पिढीच्या दूरसंचार सेवेला, म्हणजेच फाइव्ह-जीला, देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झाला. त्यानंतरची चर्चा लहरींचा लिलाव, कंपन्यांची स्पर्धा आणि इंटरनेटचा वेग यांभोवतीच फिरत राहिली. परंतु या सेवेचे भवितव्य बऱ्याच अंशी ज्या वस्तूवर अवलंबून आहे ती अगदी साधी आहे: रस्त्याच्या कडेचा दिव्याचा खांब. उच्च वारंवारितेच्या लहरी दूरवर पोहोचत नाहीत. भिंती आणि झाडे त्यांना अडवतात. म्हणून दाट वस्तीत केवळ उंच मनोरे पुरत नाहीत, थोड्याथोड्या अंतरावर लहान प्रक्षेपक पेट्या बसवाव्या लागतात. प्रत्येक पेटीला वीज, ऑप्टिकल फायबर आणि थोडी उंची हवी असते. हे सारे जिथे सहज जुळवता येते ते ठिकाण म्हणजे खांब. तो वापरण्याची परवानगी कोणी, किती मोबदल्यात आणि कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या नागरी स्वराज्याचा प्रश्न आहे.

चेन्नईचे उदाहरण घेऊ. १६८८ मध्ये स्थापन झालेली ही देशातील सर्वांत जुनी महानगरपालिका. येथील पथदिव्यांचे खांब महापालिकेचे. वीज राज्याच्या वितरण कंपनीची. अनेक मोठे रस्ते राज्याच्या महामार्ग विभागाचे. तर दूरसंचार परवाना केंद्राचा. जुन्या शहरात वीजवाहिन्या बऱ्याच अंशी जमिनीखालून गेल्या आहेत, त्यामुळे लोंबकळणाऱ्या केबलींचा भार तेथे पथदिव्यांच्या खांबांवर आणि झाडांवर पडतो. २०११ मध्ये शहराची हद्द १७६ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाली आणि उपनगरांतले, निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या संस्थांनी उभारलेले खांब एकाच छत्राखाली आले. विनापरवाना केबली उतरवण्याच्या मोहिमा येथे वारंवार निघतात; काही दिवसांनी केबली पुन्हा चढतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या वादाचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात दिसते. साम्राज्याला तारांचे जाळे तातडीने हवे होते. म्हणून त्या कायद्याने तार खात्याला कोणाच्याही जमिनीवर खांब रोवण्याचा व तारा ओढण्याचा अधिकार दिला. तरीही त्याच कायद्याच्या दहाव्या कलमात एक मर्यादा होती: मालमत्ता स्थानिक संस्थेची असेल तर तिची परवानगी घ्यावी लागे. बाराव्या कलमाने त्या संस्थेला वाजवी अटी घालण्याची मुभा दिली होती. नगरपालिकांना फारसे अधिकार देण्यास नाखूश असलेल्या परकीय सत्तेनेही रस्त्याच्या मालकाला विचारणे आवश्यक मानले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने दूरसंचार हा विषय केंद्राकडे आणि स्थानिक स्वराज्य राज्यांकडे सोपवले. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांचा नागरी सुविधा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे खांब शहराचा आणि त्यावरची लहर केंद्राची. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम आले. परवानगीसाठी ६० दिवसांची मुदत ठरली. त्या अवधीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाईल, अशी तरतूद झाली. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने पथदिव्यांसारख्या सुविधांवर लहान पेट्या बसवण्याचे शुल्क शहरांत प्रतिखांब वर्षाला ३०० रुपये आणि ग्रामीण भागात १५० रुपये ठरवले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नियम यांनी ही दिशा पक्की केली.

या सुधारणांमागचे कारण मी नाकारणार नाही. सरकारी सेवेत अनेक वर्षे काढल्यानंतर एवढे निश्चित सांगता येते की, मुदत नसलेली परवानगी ही नकाराहूनही वाईट असते. नकाराविरुद्ध दाद मागता येते. टेबलावर पडून राहिलेल्या फाइलीविरुद्ध मागता येत नाही, आणि तिला हलवण्याचे जे मार्ग रूढ होतात ते सर्वांना ठाऊक आहेत. शहरागणिक वेगळे दर आणि वेगळे अर्ज यांतून कोणतेही देशव्यापी जाळे उभे राहणार नाही. तेव्हा मुदत हवी, एकच खिडकी हवी, हे मान्य.

आक्षेप आहे तो दोन गोष्टींना. पहिली, मोबदला. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानेही २०१८ मध्ये अशाच पेट्यांसाठी शहरांच्या आकारणीवर बंधने आणली. पण तेथे प्रत्येक पेटीमागे वर्षाला २७० डॉलरपर्यंतची रक्कम वाजवी गृहीत धरली गेली आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक असल्याचे दाखवून जास्त आकारणी करण्याची वाट शहरांना मोकळी ठेवली. तेथील शहरे तरीही न्यायालयात गेली, हा भाग वेगळा. दोन देशांतले आकडे ताडून पाहण्यात अर्थ नाही. तत्त्वाची तुलना मात्र करायला हवी. खर्च भरून निघावा, नफा होऊ नये, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. आपल्याकडे आकडाच ठरला, आणि तो चेन्नईला आणि लहानशा नगरपालिकेला एकच. ३०० रुपयांत खांबाची वर्षातून एकदा तपासणी तरी होईल का?

दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट जबाबदारीची. १२ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे मार्गाधिकाराचे पहिले नियम निघाल्यानंतर महिन्याभरातच, वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. हजारो झाडे उन्मळली, खांब वाकले, वीज आणि दूरध्वनी कित्येक भागांत दिवसेंदिवस बंद राहिले. ज्या शहराला असा वारा सोसावा लागतो तेथे खांबावरचा प्रत्येक किलो महत्त्वाचा असतो. पेटी बसवताना बांधकाम अभियंत्याचे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र लागते हे खरे. परंतु ते अर्जदारानेच आणायचे असते. त्याची छाननी करणारा अभियंता महापालिकेकडे नसेल आणि मुदत संपून परवानगी आपोआप मिळाली असेल, तर त्या खांबाकडे शहराच्या वतीने कोणीच पाहिलेले नसते. मुसळधार पावसात, गुडघाभर पाण्यातून त्या खांबाजवळून जाणाऱ्या माणसाला विजेचा धक्का बसला, तर उत्तर कोण देणार? कंपनी म्हणेल खांब पालिकेचा. पालिका म्हणेल परवानगी आम्ही दिलीच नाही, ती मानली गेली. वितरण कंपनी म्हणेल जोडणी मीटरपर्यंतच आमची.

येथे आणखी एक योगायोग नोंदवायला हवा. चेन्नईच्या नगरसेवकांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. म्हणजे नवे नियम येऊन रुळले त्या पाच वर्षांत शहराच्या वतीने प्रश्न विचारणारे सभागृहच अस्तित्वात नव्हते. मुंबईतही मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे हीच स्थिती राहिली. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण रस्त्यावर काय उभे राहावे याची चर्चा तो स्वतःशी करू शकत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक महापालिकेने आपल्या खांबांची क्रमांकवार नोंदवही करावी: वय, भार पेलण्याची क्षमता, वर काय काय आहे आणि ते कोणाचे. ती नागरिकांना पाहता यावी. ज्या खांबाची क्षमता नोंदलेली आहे तेथे परवानगी साठ दिवसांत नव्हे, आठवड्यातही देता येईल. जेथे नोंद नाही तेथे मानीव परवानगी लागू होऊ नये. शुल्क केंद्राने सूत्राने ठरवावे, आकड्याने नव्हे, आणि त्यात तपासणीचा खर्च धरावा. प्रत्येक पेटीवर मालकाचे नाव आणि अपघातात संपर्क करायचा क्रमांक ठळक असावा.

वेग हवा असेल तर आधी नोंद हवी. खांबाची माहिती ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडून घेतलेली परवानगी लवकर मिळते, इतकेच. ती दिल्याची जबाबदारी मात्र कोणावरच राहत नाही.