ग्राफिक्स कार्डसाठी कर्ज काढायच्या आधी कॅबिनेट उघडा



मागच्या व्हिडिओत फुलसावंगीच्या एका तरुणाचा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला. त्यावर बोलण्यासारखं बरंच राहिलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. तिथे या तरुणाचं छोटं दुकान आहे. दिवसा झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचे अर्ज. संध्याकाळी तेच तीन जुने कॉम्प्युटर पोट्ट्यांना गेम खेळायला, वीस रुपये तास. गेम कोणता? काउंटर-स्ट्राइक १.६. तुमच्यापैकी जे शहरात शिकले त्यांनी सायबर कॅफेत हाच खेळलेला असणार. २००३ चा गेम आहे, पण चार जण एका खोलीत बसून खेळायची त्यातली मजा अजून गेलेली नाही.

त्याचा फोन आला तो असा: "सर, गेम लय अटकून राहिला. पोट्टे येऊन नाही राहिले. तीन ग्राफिक्स कार्ड अन् पॉवर सप्लाय मिळून ४८ हजार सांगितले. मुद्राचं शिशू लोन काढू का?"

शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे आकडा अगदी बसत होता. आणि मला भीती वाटते ती नेमकी इथेच. कर्ज मिळतंय म्हणून खर्च बरोबर ठरत नाही. मी त्याला म्हटलं, आधी हिशेब कर. तीन कॉम्प्युटर, संध्याकाळी दोन-दोन तास, वीस रुपये तास. रोजचे १२०. ४८ हजार वसूल व्हायला ४०० दिवस, तेही एक दिवस खाडा न करता, वीजबिल आणि व्याज न धरता. फोनवर थोडा वेळ शांतता होती.

मग मी त्याला गेमच्या स्टीमवरच्या पानावर दिलेली किमान गरज वाचायला लावली. ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ९६ एमबी रॅम, १६ एमबीचं व्हिडिओ कार्ड. एमबी, जीबी नव्हे! त्याच्या सेकंडहँड आय-थ्रीमध्ये ४ जीबी रॅम होती. जो गेम इतक्या कमी ताकदीवर चालायला बनवलाय, तो या मशीनवर अडकतोय म्हणजे ताकद कमी नाही, ताकद कुठेतरी वाया जातेय. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, पण विकणारा कशाला सांगेल?

आता मुद्द्याचं. गिऱ्हाईक म्हणतं "लॅग होतोय". हा शब्द डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखा आहे. त्यात दोन वेगळे आजार मिसळलेले असतात. चित्र धक्के खात पुढे सरकतं तो कॉम्प्युटरचा आजार. चित्र छान चालतंय, पण गोळी मारली तरी समोरचा पडत नाही, किंवा आपण भिंतीमागे गेल्यावर मरतो, तो इंटरनेटचा आजार. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात आणि दुखणं राहतं.

हे ओळखायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. गेमचा कन्सोल उघडायचा आणि इंग्रजीत नेट, अंडरस्कोअर, ग्राफ, मग जागा सोडून ३ टाइप करायचं. कोपऱ्यात आकडे येतात. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं बनताहेत. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. लॉस म्हणजे वाटेत हरवलेला डेटा. त्याला सांगितलं, अर्धा तास खेळू दे पोरांना आणि दर पाच मिनिटांनी आकडे वहीत लिही.

वही आली. पिंग साठच्या आसपास, हलला नाही. लॉस शून्य. एफपीएस मात्र सुरुवातीला शंभर, वीस मिनिटांनी तीस. म्हणजे इंटरनेट निर्दोष. आणि सुरुवातीला ठीक, नंतर खराब, ही खूण बहुतेक वेळा उष्णतेची असते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो.

कॅबिनेट उघडल्यावर फोटो पाठवला त्याने. मित्रांनो, आपला कापसाचा जिल्हा! हिवाळाभर दुकानासमोरून कापसाच्या गाड्या जातात. प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू मिळून वाकळेसारखा थर बसला होता. त्यात यवतमाळचा मे महिना. हवा जाणार कुठून?

मोबाइल दुरुस्तीवाल्या मित्राकडून ब्लोअर आणला. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून (उलटं गरगरलं तर पंखा खराब होतो) साफ केलं. सुकून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तिन्ही मशीनचा खर्च तीनशेच्या आत. पण मी एक अट घातली होती: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा आकडे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

इथे एक बोलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये याच गावातला एक तरुण वेल्डर, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना, पातं लागून गेला. तेव्हा देशभर बातमी झाली. काही प्रशिक्षक त्याची गोष्ट जोशात सांगतात, "बघा जिद्द!" मी नाही सांगत. जिद्द आपल्या पोरांत आहेच, ती शिकवावी लागत नाही. चाचणी कशी घ्यायची हे आपण त्यांना शिकवत नाही, आणि ती आपली, शिकवणाऱ्यांची उणीव आहे.

असो. दोन मशीन बरी झाली. तिसरी नाही.

तिसऱ्यावर गेम बंद असतानाही टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर साठ-सत्तर टक्के कामात दिसत होता. कोणाच्या कामात? विचारलं तेव्हा कळलं. तिन्ही मशीनवर विंडोज ७. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ ला आधार देणं बंद केलं. स्टीम नीट चालेना म्हणून याने कुठल्यातरी साइटवरून "रेडीमेड" गेम उतरवला होता. फुकट. आणि हीच मशीन दिवसा लोकांचे आधार, पासबुक, सातबारा स्कॅन करायची.

मला घाम फुटला. कारण हा गेम यासाठी बदनाम आहे. डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीने मार्च २०१९ मध्ये दाखवून दिलं की स्टीमवर दिसणाऱ्या १.६ च्या सुमारे ५,००० सर्व्हरपैकी १,९५१ सर्व्हर एका ट्रोजनने तयार केलेले होते. गेममधल्या त्रुटी वापरून, नुसतं सर्व्हरला जोडलं की तो कॉम्प्युटरमध्ये शिरायचा. अधिकृत गेमवाल्यांनाही धोका होता. मग माहीत नसलेल्या साइटवरच्या कॉपीचं काय बोलायचं?

आत नेमकं काय बसलं होतं ते शोधत बसलो नाही. डिस्क पुसली, विंडोज नव्याने टाकलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. आणि माझं ठाम मत सांगतो, कितीही जण नाराज होवोत: ज्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाची कागदपत्रं येतात, त्यावर गेम नाही. ओरिजिनल असला तरी नाही. गावात तुमचं भांडवल म्हणजे तुमच्यावरचा भरवसा. एका म्हातारीच्या खात्यातून पैसे गेले आणि शेवटचं बोट तुमच्या दुकानात लागलेलं असलं, तर ते दुकान पुन्हा उघडत नाही. कर्ज काढायचंच तर फॉर्मच्या कामासाठी एक नवं मशीन घेण्यापुरतं काढा. जुन्या तिन्हीवर खुशाल गेम चालू द्या. तासावर पैसे घेऊन चालवायचा तर घरगुती स्टीम खातं चालत नाही, वाल्व्हचा पीसी कॅफेंसाठी वेगळा कार्यक्रम आहे, तो बघा.

इंटरनेटवालं दुखणं नंतर एकदा आलंच. रात्री आठला पिंग साठवरून तीनशेवर. कारण घरातच होतं: भाऊ त्याच वेळी लग्नाचे व्हिडिओ अपलोड करत होता. अपलोड रात्री अकरानंतर ढकललं, गेमच्या मशीनला वायफायऐवजी केबल लावली, झालं. पोरं युरोपातल्या सर्व्हरवर जातात तेव्हा मात्र काही इलाज नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सात हजार किलोमीटर जाऊन यायलाच सत्तर मिलिसेकंद, शिवाय वाटेतले थांबे. कोणतंही "गेम बूस्टर" हे अंतर कमी करत नाही. मुंबईतला सर्व्हर निवडा, एवढंच.

आता गावातले लोक आपापले अडकणारे कॉम्प्युटर त्याच्याकडे आणतात. आणि आमचं भांडण इथे सुरू झालं. "सर, नुसतं साफ केल्याचे पैसे कसे मागू? पार्ट तर बदलला नाही." मी म्हटलं, ज्याने पार्ट बदलायला सांगितला त्याने ४८ हजार मागितले, तू न बदलता वाचवलेस. शोधून काढणं हेच काम आहे. पार्टवर मार्जिन घेणाऱ्याला पार्ट खराबच दिसणार. तपासणीची फी वेगळी ठेवली तरच तुला खरं बोलणं परवडेल.

दोन आठवडे ऐकलं नाही. मग पाटी लावली: "कॉम्प्युटर तपासणी १०० रुपये. दोष सापडला नाही तर पैसे नाहीत." ती दुसरी ओळ त्याने स्वतःच्या मनाने घातली. मला ती पटलेली नाही, दोष नाही हे शोधायलाही वेळ जातोच. पण दुकान त्याचं आहे.