हप्ता आपल्या मिळकतीला झेपणारा हवा!

‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये १९४७ साली बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढाला वेतनाच्या प्रमाणात सक्तीचा सरकारी आयुर्विमा मागितला. वेतनाच्या प्रमाणात, हे महत्त्वाचे!

आज टर्म विम्याचा एजंट म्हणतो, ‘दहाच वर्षे भरा, मोकळे व्हा.’ ज्याचे कंत्राटच अकरा महिन्यांचे, त्याने तो चढा हप्ता कशाच्या भरवशावर भरायचा? तो झेपावा म्हणून विम्याची रक्कम कमी करणे म्हणजे कुटुंबाचे संरक्षण कापणे.

मित्रांनो, पूर्ण मुदतीचा नियमित हप्ताच घ्या. मासिक हप्ता चुकला तर सवलत १५ दिवसांची, वार्षिकला ३०. शिवाय वार्षिक सहसा स्वस्त पडतो. दरमहा पैसे बाजूला टाका, वर्षाला एकदम भरा. बंद पडलेली पॉलिसी घरच्यांना काहीच देत नाही.