वकिलाने बातमी लिहावी का?

वकिलीचा प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्याला पूर्णवेळच काय, अर्धवेळ पत्रकारिताही करता येणार नाही, अशी भूमिका बार कौन्सिल ऑफ इंडियाने डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली. निमित्त होते उत्तर प्रदेशातील बदनामीच्या एका खटल्याचे. त्यातील अर्जदार वकील होता आणि मुक्त पत्रकारही. न्या. अभय ओक व न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने जुलै २०२४ मध्येच या दुहेरी भूमिकेवर बोट ठेवून बार कौन्सिलचे म्हणणे मागविले होते. अर्जदाराने यापुढे केवळ वकिलीच करू, अशी हमी दिली आणि त्या प्रकरणापुरता हा मुद्दा तेथे मिटला. तालुक्या-जिल्ह्याच्या न्यायालयांतून येणाऱ्या बातम्यांपुरता मात्र तो मिटला आहे, असे म्हणणे कठीण आहे.

सनदधारक वकिलाला दुसरी कोणती कामे करता येतात, हे बार कौन्सिलच्याच नियमांत नमूद आहे. त्यापैकी सर्वाधिक चर्चेत येतो तो नियम ४९. वकिलाने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होऊ नये, असे तो सांगतो. येथे वादाला जागा नाही. परंतु दोनच पायऱ्या पुढे नियम ५१ आहे. वकिलाला वृत्तपत्रांसाठी मजकूर कायद्याच्या दृष्टीने तपासता येतो, कायद्याच्या पाठ्यपुस्तकांचे संपादन करता येते, तसेच जाहिरात आणि पूर्णवेळ नोकरीवरील निर्बंध पाळून प्रसारण, पत्रकारिता, व्याख्याने व अध्यापनही करता येते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नियम ५२ राज्य बार कौन्सिलच्या संमतीने अर्धवेळ नोकरीची वाट मोकळी ठेवतो. मात्र ते काम वकिलीशी विसंगत नसावे आणि व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे नसावे. ज्या संस्थेच्या नियमावलीत ‘पत्रकारिता’ हा शब्द परवानगीच्या यादीत आहे, तिनेच सरसकट मनाईची भूमिका घ्यावी, हे कोड्यात टाकणारे आहे.

वकिली हा संपूर्ण निष्ठा मागणारा व्यवसाय आहे, हा युक्तिवाद अर्थातच नवा नाही. मुंबईतील एका शल्यचिकित्सकाला वैद्यकीय व्यवसाय सुरू ठेवून सनद हवी होती. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरविला. पण शस्त्रक्रिया आणि न्यायालयीन वार्तांकन यांत फरक आहे. शल्यचिकित्सकाला एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता येत नाही. न्यायालयाच्या बातम्या देणारा वकील मात्र ज्या इमारतीत दिवसभर काम करतो, तेथूनच बातमी देतो. त्याची खरी अडचण वेळेची नसून निष्ठेची आहे.

छोट्या शहरांतील वृत्तपत्रांची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन लक्षात येईल. मुख्यालयात न्यायालयासाठी स्वतंत्र वार्ताहर असतो. तालुक्याच्या ठिकाणी अर्धवेळ बातमीदार असतो. त्याच्याकडे नगरपालिका, बाजार समिती, अपघात, उरूस असे सारेच असते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या माणसाने साक्षी-पुराव्यासाठी दिवसभर न्यायालयात बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. मग न्यायालयातील घडामोडी त्याला एखादा वकील सांगतो किंवा तो वकील स्वतःच चार ओळी लिहून पाठवितो. न्यायाधीशांचे तोंडी मत आणि लेखी आदेश यांतील फरक त्याला कळतो. जामीन मिळणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

या व्यवहाराला दुसरी, फारशी बोलली न जाणारी बाजू पैशांची आहे. नव्याने सनद घेतलेल्या वकिलाची पहिली वर्षे बहुधा ओढाताणीची असतात. बार कौन्सिलनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरांत दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस ही शिफारसच असते. ज्याला ती रक्कम मिळत नाही, त्याच्या दृष्टीने बातम्यांचे मानधन हा घरभाड्याचा प्रश्न ठरतो.

तरीही धोका काल्पनिक नाही. आपल्याच अशिलाच्या खटल्याची बातमी वकिलाने लिहिली, तर वाचकाला एकच बाजू मिळते आणि ती तशी आहे हे त्याला कळतही नाही. स्वतः लढवीत असलेल्या खटल्यांविषयी वृत्तपत्रांतून मजकूर छापून आणण्यास नियम ३६ ने आधीच मज्जाव केलेला आहे. म्हणजे गैरप्रकार रोखणारे कलम अस्तित्वात आहे. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून संपूर्ण मार्गच बंद करावा काय, असा प्रश्न उरतो. विरोधाभास असा की, सर्वोच्च न्यायालयाच्या अधिस्वीकृतीसाठी पत्रकाराकडे कायद्याची पदवी असावी, अशी अट दीर्घकाळ होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ती शिथिल केल्याचे जाहीर केले. एकीकडे वार्ताहराला कायदा यावा, असा आग्रह, तर दुसरीकडे कायदा जाणणाऱ्याने वार्ताहर होऊ नये, अशी भूमिका! (१९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबईत बॅरिस्टर म्हणून वकिली करीत होते. तो काळ १९६१ च्या अधिवक्ता कायद्यापूर्वीचा, हे मान्य.)

बंदीची काटेकोर अंमलबजावणी झाली, तर मोठ्या शहरांना फारसा फरक पडणार नाही. सर्वोच्च न्यायालयात घटनापीठांच्या सुनावणीचे थेट प्रक्षेपण सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. उच्च न्यायालयांचे आदेश संकेतस्थळावर वाचता येतात. फटका बसेल तो कनिष्ठ न्यायालयांच्या वार्तांकनाला. तेथे आरोपीच्या अटकेची बातमी पोलीस देतात आणि ती ठळक छापली जाते. चार-पाच वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटतो, तेव्हा ते सांगण्यात पोलिसांना स्वारस्य नसते. सरकारी वकिलाला तर नसतेच. ती बातमी आजवर बहुधा त्या दिवशी न्यायालयात हजर असलेला एखादा वकीलच देत आला आहे. राज्य बार कौन्सिलने नियम ५२ अन्वये रीतसर संमती द्यावी, स्वतःच्या खटल्याविषयी न लिहिण्याची लेखी हमी घ्यावी आणि वृत्तपत्रांनीही वकील-बातमीदाराची ओळख बातमीखाली छापावी, एवढे करण्यासाठी नव्या नियमाची गरज नाही.