चाकोरीबाहेर म्हणजे नेमके कुठे?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत एका नव्या प्रकारच्या प्रवासलेखनाने मूळ धरले आहे. जुनी जीप विकत घ्यायची, तिची उंची वाढवायची, खोल खाचांचे रुंद टायर चढवायचे, ती डोंगरात 'जिथे रस्ता नाही तिथे' घालायची आणि मग त्या पराक्रमाचे वर्णन करायचे. या वर्णनांत दोन शब्द हटकून भेटतात. एक 'ऑफ-रोड', आणि त्याचा मराठी पर्याय म्हणून सहज येऊन बसलेला दुसरा, 'चाकोरीबाहेर'. छंदाविषयी बोलण्याआधी या दुसऱ्या शब्दाविषयी तक्रार नोंदवणे मला भाग आहे, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

चाकोरी म्हणजे चाकाने पाडलेली खोल रेघ. बैलगाडीच्या लोखंडी धावा वर्षानुवर्षे एकाच जागेवरून गेल्या की मातीत दोन समांतर चर पडतात, त्या चाकोऱ्या. मराठी समीक्षेने हा शब्द केव्हाच लाक्षणिक करून टाकला. 'चाकोरीबद्ध' ही आपल्याकडची शिवी आणि 'चाकोरीबाहेरचा' ही पदवी. नवोदितांच्या प्रस्तावनांतून ती सढळ हाताने वाटली जाते. पण लक्षणेच्या भरात मूळ वाच्यार्थ विसरला की काय होते, याचा हा नमुना आहे. पायी चालणारा माणूस चाकोरीबाहेर जाऊ शकतो. चाक जाऊ शकत नाही. ते जिथे जाते तिथे चाकोरी पडते. दीड टन वजनाची गाडी पावसाळ्यात कुरणाच्या उतारावरून नेणारा माणूस रूढ मार्ग सोडत नसतो. तो एक नवा मार्ग पाडत असतो, आणि तोही कोणाला न विचारता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माझा वाद जुन्या जीपशी नाही आणि ती सुधारणाऱ्या मिस्त्रीशी तर मुळीच नाही. आमच्या प्राध्यापकवर्गात या प्रकाराला 'पैसेवाल्यांची थेरं' म्हणून झटकून टाकण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही, कारण तिच्यामागे हातकामाविषयीची आपली जुनी तुच्छता आहे. महिंद्रांनी १९४७ पासून या देशात विलीस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून ही गाडी खेड्यांच्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाली. तालुक्याचा साहेब तिच्यातून आला, निवडणुकीचा कर्णा तिच्यावर बांधला गेला, आणि पुढे तिच्याच वंशातल्या लांब गाड्या 'काळी-पिवळी' होऊन खानदेशातल्या बाजारच्या दिवशी माणसे, कोंबड्या आणि पोती एकत्र वाहू लागल्या. सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यातल्या गॅरेजांनी ही गाडी पाठ केलेली आहे. अशी गाडी भंगारात न घालता पुन्हा उभी करणे हे ज्ञानाचे काम आहे.

ते ज्ञान कशात असते, हेही पाहावे. जुन्या जीपला पुढे-मागे अखंड धुरा आणि खाली कमानपाटे असतात. उंची वाढवायची म्हणजे पाटे बदलायचे किंवा त्यांचे झोके लांब करायचे. एवढे करून थांबता येत नाही. गाडी उंच झाली की इंजिनाकडून धुऱ्याकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन तिरका होतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. गुरुत्वमध्य वर सरकतो, म्हणून आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरमुळे गिअर जड पडतात, ब्रेकला अधिक वजनदार चाक थांबवावे लागते आणि वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. जाणता मिस्त्री म्हणून गिऱ्हाइकाला आधी विचारतो की गाडी नेणार कुठे. मग डिफरन्शिअलच्या दातांचे प्रमाण, ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे या सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडतो. एक बदल केला की चार बदल मागे येतात, हे त्याला कळते. आपल्याकडच्या किती संपादकांना हे कळते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

आणखी एक गोष्ट या कलेतच सांगितलेली आहे. चांगला चालक चारही चाकांना ताकद देऊन, लो गिअरमध्ये, अगदी सावकाश जातो. टायरमधली हवा थोडी कमी करतो, म्हणजे वजन अधिक जागेवर पसरते आणि पकड वाढते. चाक जागच्या जागी गरगरू लागले आणि मागे चिखल उडाला, की जाणकार त्याला चुकीचे चालवणे म्हणतात. गंमत अशी की छायाचित्रांत नेमका हाच चिखल असतो. म्हणजे ज्या क्षणी चालक हरतो, तोच क्षण पराक्रम म्हणून छापला जातो.

कायद्याची भूमिका मात्र विलक्षण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. परंतु या कायद्याची नजर गाडीवर आणि तिच्या कागदावर आहे. ती ज्या जमिनीवरून जाणार त्या जमिनीविषयी तो काही विचारत नाही.

तो प्रश्न आपण विचारू. सावद्याहून खिरोद्यावरून पालकडे निघाले की तासाभरात केळीच्या बागा मागे पडतात आणि सातपुडा सुरू होतो. रविवारच्या जीपवाल्यांना हा डोंगर 'अस्पर्श' वाटतो. तो तसा नाही. येथे तडवी, पावरा, बारेला यांची वस्ती आहे. येथल्या प्रत्येक धारेवर, प्रत्येक नाल्याच्या काठाने वाट आहे: पाण्याला जायची, गुरे न्यायची, बाजाराला उतरायची. माणसाच्या तळव्याने झालेली ही वाट हातभर रुंद असते, म्हणून ती मोटारीतून दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून 'येथे रस्ता नाही' असे वाक्य लिहिले जाते. 'ऑफ-रोड' कोणाच्या दृष्टीने? जो रोज तिथून जातो, त्याच्या दृष्टीने तो रस्ताच आहे.

दोन कायदे शेजारी ठेवले की हा विरोध उघडा पडतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे वनातल्या गावाला रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी वनजमीन मिळू शकते. पण एका हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे न तोडता, आणि ग्रामसभेच्या शिफारशीने. म्हणजे डोंगरातल्या माणसाला एक साधा रस्ता हवा तर ठराव, अर्ज आणि वाट पाहणे. याच सातपुड्याच्या पश्चिमेला, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आज नंदुरबारमध्ये मोडणाऱ्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणतात. वर्तमानपत्रांनी तिला 'बांबूलन्स' असे नाव देऊन टाकले आहे. रस्ता नसणे हे त्यांचे दुःख आहे. तेच रस्ता नसणे विकत घ्यायला दुसरा कोणी जीपवर लाखो रुपये घालतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो. यात अपराध असेलच असे नाही. पण हा विरोध ज्या लेखनात एका ओळीनेही उमटत नाही, ते लेखन म्हणून खोटे आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार साहित्याच्या विद्यार्थ्याला निश्चित आहे.

दुसरी बाब पाण्याची. यावल-रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि गाळाचा जाड पट्टा आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरावरून आलेले पाणी येथे मुरते आणि खालच्या केळीला मिळते. ज्या केळीला २०१६ मध्ये 'जळगाव केळी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, जी सावदा स्थानकातून रेल्वेने दिल्लीकडे गेली, तिचे मूळ या मुरणाऱ्या पाण्यात आहे. उतारावरची माती चाकाने दाबली की पाणी मुरण्याऐवजी चाकोरीतून धावते, आणि धावताना ती खोल करत जाते. दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते.

यावर ठरलेली उत्तरे येतात. 'ट्रॅक्टरही जातातच की.' जातात, ते शेताला जातात आणि पाणंदीने जातात. पाणंद, शिवरस्ता, गाडवाट या नावांमागे गावाची संमती आहे. बांधावरून जाण्याच्या हक्काचा तंटा तहसीलदाराने कसा सोडवावा, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये लिहिलेले आहे. 'वाळूउपसा आणि जंगलतोड यांच्यापुढे आमचे नुकसान ते किती?' कमी, हे मान्य. परंतु मोठ्या चोराकडे बोट दाखवल्याने लहान चोरी दान ठरत नाही. 'आम्ही निसर्गावर प्रेम करतो.' मग यावल अभयारण्याच्या हद्दीत शिरताना परवाना लागतो, हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे कलम २७ सांगते, तेही त्या प्रेमात धरावे. ते कलम सार्वजनिक मार्गावरून जाणाऱ्याला सूट देते. मार्ग सोडणाऱ्याला देत नाही.

मग जुनी जीप घेणाऱ्याने काय करावे? जरूर घ्यावी. मिस्त्रीशेजारी बसून ती समजून घ्यावी, कायद्यात बसते तेवढीच बदलावी. चिखलाचीच हौस असेल तर मालकाला विचारून पडीक रानात ती फेडावी. इगतपुरीजवळ कंपनीने यासाठी प्रशिक्षणाची वेगळी जागाच उभी केली होती. डोंगरात जायचे तर असलेल्या गाडवाटेने जावे, आणि ती वाट ज्या पाड्यावरून जाते तिथे आधी विचारावे. त्यांनी 'नको' म्हटले तर परत फिरावे. परत फिरण्याची तयारी नसलेल्या धाडसाला आपण अन्यत्र दुसरे नाव देतो.

आणि लिहिणाऱ्याने? मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत अनेक वर्षे जंगलात काढली आणि तिथल्या माणसांकडून झाडा-पाखरांची नावे टिपून मराठीत आणली. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'रानवाटा' आहे. रान आणि वाट हे दोन शब्द त्यांना एकमेकांना जोडावेसे वाटले. आजच्या जीपवर्णनांना ते एकमेकांचे शत्रू वाटतात. हा फरक वाहनाचा नाही. जंगलात आपल्याआधी कोणी तरी आहे, हे धरून चालणारी भाषा आणि आपणच पहिले आलो असे मानणारी भाषा, यांतला तो फरक आहे. दुसऱ्या भाषेचा इतिहास आपण वसाहतवादाच्या तासाला शिकवतो. रविवारच्या पुरवणीत तीच भाषा मराठीत भेटली की मात्र तिला 'चाकोरीबाहेरची' म्हणून गौरवतो.

'सर केला', 'जिंकला', 'अस्पर्श', 'रस्ता नव्हता' हे शब्द विद्यार्थ्यांच्या प्रवासवर्णनांत आले तर त्यांखाली रेघ मारावी आणि समासात एवढेच लिहावे: ही वाट कोणाची, आणि तिला तिथे काय म्हणतात? ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याने खुशाल जीपवर लिहावे.