शब्द पाठ झाले, अर्थाचे काय?

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. ते दूध मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोजक्याच घरांत प्यायले गेले. चिपळूणकरांच्याही आधी, १८५४ च्या 'काव्यफुले'मधून सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली होती. महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले ते २००० साली. माऊलीची हाक गावच्या शाळेपर्यंत पोहोचायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली!

इंग्रजी आली खरी. पण कशी आली? रोज दहा स्पेलिंग घोका, समोर अर्थ लिहा, गुरुजींना म्हणून दाखवा. परीक्षा संपली की शब्दही संपले. 'एलिफंट'चे स्पेलिंग बिनचूक सांगणारा आमचा मुलगा पुढे बापाबरोबर पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा हाती 'एन.सी.'चा कागद देऊन त्याची बोळवण होते. 'एन.सी.' म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपासच करू शकत नाहीत. गुन्हा 'कॉग्निझेबल' म्हणजे दखलपात्र असेल, तर पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो. 'नॉन' या एवढ्याशा शब्दात एका कुटुंबाचा न्याय अडकलेला असतो. तो शब्द कळला, तरच मुलगा विचारील, "साहेब, हे अदखलपात्र कसे?"

'ॲट्रॉसिटी' हा शब्द आज खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे. पण १९८९ च्या त्या कायद्याच्या नावात 'प्रिव्हेन्शन' हाही शब्द आहे, याकडे किती जणांचे लक्ष जाते? प्रिव्हेन्शन म्हणजे प्रतिबंध. अत्याचार घडण्याआधीच रोखणे. हा अर्थ ज्याला उमगला, तो केवळ अर्थसाहाय्याच्या धनादेशावर समाधान मानणार नाही. गावात तणाव असताना प्रशासन काय करीत होते, याचा जाब तो मागेल.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, शब्द सुटे पाठ करू नका. वाक्यासह आणि गोतावळ्यासह शिका. 'प्रिव्हेंट' कळला की 'प्रिव्हेन्शन' आणि 'प्रिव्हेन्टिव्ह' आपोआप हाती लागतात. शिकलेला शब्द त्याच दिवशी स्वतःच्या वाक्यात वापरा. बुद्धविहारांनी रविवारच्या वंदनेनंतर तासभर इंग्रजी वृत्तपत्र आणि शब्दकोश घेऊन मुलांना बसवावे. शिष्यवृत्तीचा अर्ज, न्यायालयाची नोटीस, संविधानाची उद्देशिका हीच त्यांची पाठ्यपुस्तके व्हावीत.

बाबासाहेबांनी इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व मिळविले. तरीही ते शब्दांचे विद्यार्थीच राहिले. त्यांनी सिद्ध केलेला पालि शब्दकोश शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. घटनेचा शिल्पकार शब्दकोशासाठी खपतो आणि त्याचे अनुयायी शब्दाचा अर्थ विचारायला लाजतात, हे शोभत नाही. ज्या कागदावर सही करायची, त्यातला प्रत्येक शब्द समजून घेणे हा आपला हक्क आहे. तो बजावण्याची तयारी आजपासूनच करा!