एक तारा, दोन अर्थ

जुलै २०२१ च्या महापुरात महाडला घरोघरची कागदपत्रे भिजली. तेव्हापासून महाड-पोलादपूरकडच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या याद्या मी संगणकावर ठेवतो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्या शोधतो. तिथे एक गोष्ट खटकते.

फायलींची यादी मागताना म* लिहिले की 'म'ने सुरू होणारी नावे येतात. तेच अवतरणात घालून ग्रेपला दिले की फायलीतल्या सगळ्याच ओळी समोर! कारण तिथे ताऱ्याचा अर्थ 'आधीचे अक्षर शून्य किंवा कितीही वेळा'. शून्य चालते, म्हणजे 'म' नसला तरी चालतो. पहिला तारा १९७१ च्या युनिक्सपासूनचा, दुसरा क्लीनी या गणितज्ञाकडून आलेला. घराणी वेगळी, चिन्ह एकच.

फायलींच्या नावात प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, असे सांगतात. पण 'महाड'ला तीन नव्हे, चार प्रश्नचिन्हे लागतात. काना वेगळा मोजतात. 'पोलादपूर'ला पाचाऐवजी आठ!

मराठीतही 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा, लिहायचा मात्र एकच. पण तो फरक आम्ही पहिलीतच मुलांकडून म्हणवून घ्यायचो. जुने नियम आता बदलणार नाहीत, हे मान्य. निदान शिकवणाऱ्यांनी पहिल्याच धड्यात सांगावे, की हा तारा दोन प्रकारचा आहे. याच ताऱ्याने फायली पुसताही येतात, आणि तिथे 'नक्की ना?' असे बहुधा कोणी विचारत नाही. पुरातून वाचलेले असे जायला नको.

असो. तुमचे मत जरूर कळवा.