प्रत्येक डाग म्हणजे रोग नव्हे

द्राक्षवेलीचे पान तपकिरी पडले, की ‘करपा आला’ असे म्हणून औषध फवारण्याची सवय आपल्या जिल्ह्यात रूढ झाली आहे. माझ्या मते ती खर्चिक आहे आणि अशास्त्रीयही.

डिसेंबर २०१८ मध्ये निफाड परिसरात पारा २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला व दवबिंदू गोठले. सौम्य थंडीचा ताण वेल आपली वाढ मंदावून सोसते. ऊब मिळताच ती पूर्ववत होते. परंतु पेशींच्या बाहेर बर्फ धरला, की तो पेशींतील पाणी ओढून घेतो, पेशीचे आवरण फाटते व ती मरते. ही इजा होय, रोग नव्हे. मेलेली पेशी कोणत्याही औषधाने जिवंत होत नाही.

केवड्याचे तसे नाही. त्यास सजीव कारण असते. पानावर तेलकट डाग व खाली पांढरी बुरशी दिसते, आणि तो पानोपानी पसरतो. बोर्डो मिश्रणाचा उपयोग तेथे, तोही लागण होण्यापूर्वी.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोगाचे नाव घेण्यापूर्वी पान उलटून पाहावे व रात्रीचे तापमान विचारावे. केवड्याची खूण दिसल्यास एक दिवसही दवडू नये. ती नसून इजा थंडीची ठरल्यास शेतकरी बंधूंचा फवारणीचा पैसा वाचवावा आणि पुढील कडाक्याच्या रात्री बागेस पाणी देण्यास सांगावे. अचूक निदान हाच पहिला उपचार होय.